हॅलोविनला दाराबाहेरचा लाईट बंद करू नका: ख्रिस्ती घरांनी 31 ऑक्टोबरला काय करायचं

हॅलोविन म्हणजे 31 ऑक्टोबरची संध्याकाळ, पोरं भुताखेतांचे नाहीतर आणखी कसले वेश करून दारोदार खाऊ मागत फिरतात. आधी आम्ही पहिल्या वर्षी काय केलं ते सांगते, म्हणजे काय करू नये ते कळेल. बाहेरचा लाईट बंद, पडदे ओढलेले, टीव्हीचा आवाज एकदम बारीक आणि आम्ही सगळे मागच्या खोलीत. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती गुपचूप पुढच्या खोलीत जाऊन पडद्याच्या फटीतून रस्त्यावरून जाणारी पोरं मोजत बसली, सतरापर्यंत मोजली आणि मग येऊन माझ्या कानात म्हणाली, "आई, आपण लपलोय का?" मी म्हटलं, नाही गं, आपण हे मानत नाही ना म्हणून. तर म्हणे, "मग अंधारात का बसलोय?"

आता मी संडेस्कूलला वर्षभर "तुम्ही जगाचा प्रकाश आहा" शिकवणारी बाई, आणि घरचा बल्ब मीच काढून ठेवलेला. उत्तर काय देणार कपाळ!

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे, 31 ऑक्टोबरला काहीही करा, घर अंधारात ठेवायचं नाही. बाकी भुतंखेतं, रक्ताचे डाग, कवट्या यातलं काही आम्ही घरात आणत नाही, पण नुसतं "नाही" म्हणून पोरांच्या हातात रिकामी संध्याकाळ दिली ना, की ती संध्याकाळ शेजारच्यांच्या हॅलोविनकडे बघण्यातच जाते आणि आपला विश्वास म्हणजे मजा बंद करणारी गोष्ट असं त्यांच्या डोक्यात बसतं. म्हणून खाली जे लिहितेय ते सगळं करून बघितलेलं आहे, काही जमलं काही फसलं, तुमच्या घराला जे बसेल ते उचला.

आधी घरात बोलून घ्या

हे सप्टेंबरच्या शेवटी करा, 30 ऑक्टोबरच्या रात्री नाही. नवरा-बायकोचं एकमत नसतंच बऱ्याचदा, एकाला वाटतं चॉकलेट गोळा करण्यात काय पाप आहे, दुसऱ्याला अनुवाद 18 आठवतो, तिथे जादूटोणा, शकुन बघणं, मेलेल्यांना विचारणं हे सगळं देवाला अमंगळ आहे असं स्पष्ट लिहिलंय. दोघांचंही ऐकण्यासारखं असतं. रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय दोघांनी एकत्र बसून वाचा, सण पाळणारा आणि न पाळणारा यांनी एकमेकांना तुच्छ मानू नये असं पौल तिथे सांगतो, आणि तो मुद्दा शेजारच्या ख्रिस्ती घराबद्दलही लागू आहे बरं का, त्यांची पोरं सुपरहिरो बनून दारोदार फिरली म्हणून त्यांच्या विश्वासाचं माप आपण काढायचं नाही.

मग पोरांशी बोला. आणि इथे थोडा इतिहास माहीत असला की बरं पडतं, कारण "हे सैतानाचं आहे" एवढंच सांगितलं तर आठ वर्षांच्या पोराचा पुढचा प्रश्न तयार असतो, "मग नावात होली कुठून आलं?" हो, ते खरंच आहे. हॅलोविन म्हणजे ऑल हॅलोज ईव्ह, सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. हॅलो म्हणजे जुन्या इंग्रजीत पवित्र, प्रभूच्या प्रार्थनेत इंग्रजीतून "तुझं नाव पवित्र मानलं जावो" म्हणताना जो शब्द येतो तोच. सगळ्या हुतात्म्यांची एकत्र आठवण रोममध्ये सातव्या शतकात 13 मे ला करत, मग आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी सेंट पीटरमधलं एक चॅपल सर्व संतांना वाहिलं आणि 1 नोव्हेंबर ही तारीख पुढे आली, नवव्या शतकात ती पश्चिम युरोपभर पसरली. दुसऱ्या बाजूला आयर्लंड-स्कॉटलंडकडे केल्टिक लोकांचा साउइन नावाचा हिवाळा सुरू होण्याचा सण त्याच दिवसांत असायचा, त्यातलं नेमकं काय आणि किती हॅलोविनमध्ये उतरलं यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. आणि भोपळा तर फारच उशिरा आला, आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे, एकोणिसाव्या शतकात तिकडची माणसं अमेरिकेत गेली तेव्हा त्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ, बस्स.

पोरांना हे एवढं सगळं सांगायची गरज नाही. पाच वर्षांखालच्याला "आपण भीतीचा नाही, उजेडाचा सण करतो" एवढं पुरतं. मोठ्यांना मात्र पूर्ण सांगा, त्यांना अर्धवट सांगितलेलं लगेच कळतं. आणि एक गोष्ट बजावून सांगा, शाळेत जाऊन मित्रांना "तुम्ही पापी" म्हणायचं नाही. आमच्या धाकट्याने बालवाडीत हे उद्योग केलेत, वटवाघूळ बनून आलेल्या एका मुलीला रडवलं, मग मी त्या आईची माफी मागत फिरले.

शाळेच्या पार्टीचं असं करा की बाईंना दोन आठवडे आधी साधी चिठ्ठी द्या, आमच्या घरी भुताचे कपडे घालत नाही, त्याऐवजी तो मेंढपाळ किंवा प्राणी बनून येईल, चालेल का. चालतंच. बहुतेक बाईंना तक्रार नको असते एवढंच, पर्याय दिलात की त्या खूश.

दार उघडं ठेवायचं ते कसं

विचार करा, वर्षातून हा एकच दिवस आहे की आजूबाजूची माणसं पोरांना घेऊन स्वतःहून तुमच्या दारात येतात आणि बेल वाजवतात. आपण एरवी सुवार्ता कशी सांगायची याची शिबिरं घेतो, आणि लोक आपणहून येतात त्या दिवशी दार बंद!

तर आम्ही आता काय करतो, दाराबाहेर एक टेबल लावतो, दिव्यांच्या माळा जेवढ्या असतील तेवढ्या सोडतो, पांढऱ्या-पिवळ्या, जांभळ्या-हिरव्या नाहीत, आणि आम्ही घरात न थांबता बाहेर टेबलापाशीच बसतो. एका मोठ्या थर्मासमध्ये गरम काहीतरी ठेवतो, ते पोरांसाठी नाही, आईबापांसाठी. हे लिहून ठेवा, सगळ्यात चांगल्या गप्पा या कपामुळे होतात, कारण पोरगं चॉकलेट घेऊन पुढच्या घराकडे पळत सुटतं, पण हातात गरम कप असलेला बाप दोन मिनिटं थांबतो. समोरच्या इमारतीतल्या आजोबांची बायको गेल्याचं आम्हाला असंच कळलं, नातवाला घेऊन आलेले, कप संपला तरी उभेच राहिले, शेवटी माझ्या नवऱ्याने खुर्ची आणून दिली.

खाऊबद्दल एक कळकळीची विनंती आहे. नुसतं पत्रक देऊ नका. सात वर्षांच्या पोराने पिशवी पुढे केली आणि त्यात चॉकलेटऐवजी नरकाबद्दलचा कागद पडला तर त्याचा चेहरा बघा कसा होतो, आणि येशूबद्दल त्याचं पहिलं मत काय होतं. द्यायचाच कागद तर आधी चांगलं चॉकलेट द्या, रस्त्यातलं सगळ्यात मोठं द्या, आणि त्याला छोटं कार्ड बांधा. आमच्या कार्डावर मुलीने हाताने काढलेला दिवा असतो आणि योहान 1:5 मधला अंधार उजेडाला गिळू शकला नाही हा अर्थ दोन ओळीत, खाली "तुम्हाला कशासाठी प्रार्थना हवी असेल तर दार वाजवा, आज नाही, कधीही" असं. फोन नंबर वगैरे टाकत नाही, घर समोरच आहे की. चाळीसेक कार्डं करायला दोन संध्याकाळी लागतात, पोरं कंटाळतात, शेवटची दहा मीच करते.

आणि ॲलर्जीवाल्या पोरांसाठी वेगळा वाडगा ठेवा, स्टिकर, पेन्सिली, छोटे चेंडू असं न खाण्याचं काहीतरी. अमेरिकेत यासाठी दाराशी हिरवट-निळा रंगवलेला भोपळा ठेवतात, 2014 पासून तिथल्या फूड ॲलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने ती खूण देशभर रुजवली, शेंगदाण्याने घसा सुजणाऱ्या पोराच्या आईला तो रंग लांबूनच दिसतो. अशी खूण करायला आपल्यालाही काही हरकत नाही, त्यात भुताचं काही नाही, शेजाऱ्याची काळजी आहे.

भोपळा कोरायचा का?

काही घरांत यावरून फार वाद होतात. माझं मत सांगू, भोपळा बिचारा देवाने निर्माण केलेली भाजी आहे. राक्षसाचं तोंड कोरायचं की दुसरं काही, ते सुरी धरणाऱ्यावर. आम्ही हृदय, क्रूस, कबुतर, मासा असं कोरतो.

जमायला थोडी युक्ती लागते. झाकण वरून कापण्यापेक्षा तळाला भोक पाडा, म्हणजे भोपळा सरळ दिव्यावर पालथा ठेवता येतो आणि वरचा देठ शाबूत राहतो. वरूनच कापायचं असेल तर सुरी तिरकी आत झुकवून कापा, सरळ उभी कापली तर झाकण आत पडतं. आतला गर आणि बिया मोठ्या चमच्याने खरवडून काढा आणि ज्या बाजूला चित्र काढणार तिथली भिंत अडीच-एक सेंटीमीटर राहील एवढी खरवडा, जाड राहिली की सुरी फिरत नाही आणि उजेडही नीट बाहेर पडत नाही. चित्र कागदावर काढून कागद चिकटपट्टीने चिकटवा, टाचणीने रेषेवर टोचत जा, मग कागद काढून ठिपक्यांवरून कापा. सुरी मोठ्यांनी धरायची, पोरांना टोचण्याचं आणि खरवडण्याचं काम, त्यांना तसंही चिखलातच मजा येते.

एका वर्षी आम्ही हौसेने देवनागरीत "येशू" कोरायला गेलो. वेलांटी नाही, काना नाही, सोपं वाटलं. पण अक्षराच्या आतल्या बंद जागा असतात ना, श ची गाठ, ऊकाराचा फास, त्या चारही बाजूंनी कापल्यावर टपकन आत पडतात. शेवटी भोपळ्यावर शिरोरेषेसकट एक मोठं भगदाड तयार झालं आणि ते रात्री उजेडात कुठल्याही कवटीपेक्षा भयानक दिसत होतं. अक्षरं काढायचीच असतील तर कोरू नका, रंगवा.

आत खरी मेणबत्ती ठेवायच्या ऐवजी सेलवाली ठेवा, लांब झग्यातली पोरं भोपळ्यावर वाकून बघतात आणि झगा पेटायला वेळ लागत नाही. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत मऊ पडतो, हवा गरम असेल तर त्याआधीच, म्हणून 29 किंवा 30 तारखेलाच कोरा. कापलेल्या कडांना थोडं व्हॅसलीन चोळलं तर एखादा दिवस जास्त टिकतो. न कोरता नुसता रंगवलेला मात्र आठवडेच्या आठवडे राहतो.

संडेस्कूलमध्ये भोपळ्याचा दृष्टांत सांगतात, देव आपल्याला शेतातून उचलतो, धुतो, आतली घाण काढतो, नवा चेहरा देतो आणि आत दिवा लावतो. कोरता कोरता सांगा, वेगळा वर्ग भरवून नको. बिया धुवून पुसून, जरा तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये 160 अंशावर वीसेक मिनिटं, मध्ये एकदा हलवून, सोनेरी झाल्या की काढा. दृष्टांत कुणाला आठवत नाही, बिया आठवतात, पण असू दे.

वेशभूषा

पोरांना मुळात सजायचं असतं, भूत बनायचं नसतं. म्हणून हा पर्याय सगळ्यात जास्त चालतो. दावीद करायला सगळ्यात सोपा, एक जुनी चादर, दोरीची गोफण आणि पिशवीत पाच गोटे, पहिल्या शमुवेलात पाचच सांगितलेत म्हणून पाच, गोटे कागदाचेच बरं का, नाहीतर शेजारच्याच्या खिडकीचा गल्याथ होतो. दानीएल करायचा तर घरातलं सिंहाचं खेळणं काखेत द्या. एस्तेरला मुकुट पुरतो.

संतांना मानणारं घर असेल तर मग काय चंगळच. असिसीचे फ्रान्सिस म्हणजे तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी आणि खांद्यावर कागदाचा पक्षी. संत लुसीला पांढरा झगा, लाल पट्टा, डोक्यावर सेलच्या दिव्यांचं कडं. आणि कपड्यांवर खर्च करायचा नसेल, किंवा घरात तेरा वर्षांचा पोरगा असेल जो झगा घालायला मेला तरी तयार नाही, तर कार्लो अक्युटिस. 1991 चा जन्म, 2006 मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, पवित्र मिस्सातल्या चमत्कारांची माहिती वेबसाइटवर गोळा करणारा इटालियन मुलगा, 7 सप्टेंबर 2025 ला संत जाहीर झाला. वेशभूषा काय, जीन्स, स्पोर्ट शूज आणि पाठीवर सॅक. पोरगा जसा आहे तसाच उभा करा.

फक्त हुतात्म्यांच्या बाबतीत जरा जपून. आमच्या ओळखीच्या एका पोराने पुस्तकात शोधून शोधून पॅरिसचा संत डेनिस काढला, जो स्वतःचं कापलेलं डोकं हातात धरून चालत गेला अशी आख्यायिका आहे, आणि पोरगं कार्यक्रमाला काखेत पुठ्ठ्याचं मुंडकं घेऊन हजर. वर लाल रंग. फादर हसून हसून खुर्चीत बसले, पण छोटी पोरं घाबरली ती घाबरलीच.

सगळे सजले की "ओळखा मी कोण" खेळायचं. प्रत्येकाने तीन खुणा सांगायच्या, अवघड आधी, सोपी शेवटी. या खेळामुळे पोरं आपल्या माणसाबद्दल आपणहून वाचून येतात, मी सांगून कधी वाचलं नसतं. पॅरिसच्या कॅथलिक धर्मप्रांतात 2002 मध्ये होलीविन्स नावाने असंच सुरू झालं, पवित्रता जिंकते असा शब्दखेळ, आता बऱ्याच देशांत पॅरिश, म्हणजे तिथली स्थानिक कॅथलिक चर्च, करतात.

मोठी पोरं असतील तर: 1517

प्रोटेस्टंट घरांना 31 ऑक्टोबरला काही नवीन शोधायची गरजच नाही, तो धर्मसुधारणा दिन आहे. 31 ऑक्टोबर 1517 ला मार्टिन ल्यूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्धचे 95 मुद्दे मेंझच्या आर्चबिशपला पाठवले आणि जर्मनीतल्या विटेनबर्गच्या कॅसल चर्चच्या दारावर ठोकले असं आपण ऐकत आलोय, ठोकल्याबद्दल इतिहासकारांना शंका आहे, पण ते दार विद्यापीठाच्या नोटीस बोर्डासारखं वापरायचे हे खरं. आणि तारीखही उगाच नव्हती, दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, चर्चमधले पवित्र अवशेष बघायला गर्दी लोटणार.

घरी याचं काय करायचं, तर एक जुनी लाकडी फळी किंवा जाड पुठ्ठ्याचं दार करा, पोरांना हातोडी आणि छोटे खिळे द्या (पुठ्ठा असेल तर पिना), आणि प्रत्येकाने "आपल्या घरात काय सुधारायला हवं" ते चिठ्ठीवर लिहून दारावर ठोकायचं. मोठ्यांनी चिडायचं नाही ही अट. आमच्याकडे एकूण नऊ मुद्दे आले, त्यातले चार "बाबांनी जेवताना फोन बघू नये" या एकाच विषयावर, वेगवेगळ्या अक्षरात. नवऱ्याने वाद घालून बघितला, मग फोन फ्रिजवर ठेवायला लागला, निदान ॲडव्हेंटपर्यंत, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे सुरू होईपर्यंत तरी ठेवला.

दुसरा खेळ काथरीना फॉन बोराचा. ही ल्यूथरची बायको, आधी नन होती, 1523 च्या ईस्टरच्या सुमारास आणखी काही नन्सबरोबर एका मासे पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीतून कॉन्व्हेंटमधून निसटली, पिंपांत लपून असं सांगतात. तर उलटी लपाछपी खेळायची, एकच जण लपतो, बाकीचे शोधतात, ज्याला सापडला तो गुपचूप त्याच्याच शेजारी घुसून बसतो, असं करत शेवटी सगळे एका कपाटात माशांसारखे कोंबलेले आणि एकटाच बाहेर शोधत फिरतोय. घरातले दिवे थोडे मंद करून खेळा. अंधारात हसायला मिळालं की पोरांना अंधाराची भीती कमी वाटते, ही माझी स्वतःची थिअरी.

लहानांसाठी ल्यूथरचं गुलाबाचं चिन्ह रंगवायला द्या, मध्ये लाल हृदयात काळा क्रूस, बाहेर पांढरा गुलाब, निळी पार्श्वभूमी, भोवती सोनेरी कडं. झोपायच्या आधी स्तोत्र 46 वाचा, ल्यूथरचं सगळ्यात प्रसिद्ध गीत त्याच स्तोत्रावर आधारलेलं आहे.

घरात एक जण कॅथलिक असेल तर हा दिवस "आपण जिंकलो ते हरले" असा करू नका हं. कॅथलिक आणि लूथरन चर्चनी विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या मुद्द्यावर एकत्र सही केली ती 31 ऑक्टोबर 1999 लाच, जर्मनीत ऑग्सबुर्गला. ही गोष्ट पण सांगा म्हणजे टेबलावर दोघांनाही जेवण गोड लागेल.

चर्चमध्ये करायचं असेल तर

डिकीवाला कार्यक्रम सगळ्यात सोपा. चर्चच्या पार्किंगमध्ये दहा-पंधरा गाड्या उलट्या लावायच्या, डिक्या उघडायच्या, प्रत्येक डिकीत पवित्र शास्त्रातली एक गोष्ट सजवायची आणि पोरं एका डिकीकडून दुसरीकडे खाऊ गोळा करत जातात. योनाचा मासा तर डिकीसाठीच जन्माला आलाय, उघडं झाकण म्हणजे वरचा जबडा, त्याला पांढऱ्या पुठ्ठ्याचे दात, खाली लाल चादर जिभेसारखी बाहेर सोडलेली आणि आत अगदी मागे एक पिवळा दिवा, पोराने जिभेवरून हात आत घालून चॉकलेट काढायचं. मोठी पोरंसुद्धा हात घालताना एक क्षण थांबतात.

गाड्या पोरं यायच्या आधी लावून इंजिन बंद, किल्ल्या एकाकडे जमा, आणि शेवटचं मूल जाईपर्यंत एकही गाडी हलवायची नाही, यात तडजोड नाही. खाऊ मोजून आणा. एका वर्षी आम्ही गेलो होतो तिथे पहिल्या अर्ध्या तासात खाऊ संपला, शेवटच्या पाच डिक्यांत नुसती हसरी माणसं. आणि त्याच कार्यक्रमात मध्येच सगळ्यांना आत बसवून चाळीस मिनिटांचा संदेश झाला, साखर खाल्लेली दीडशे पोरं आणि चाळीस मिनिटं, बाहेरून पहिल्यांदाच आलेली कुटुंबं एकेक करून मागच्या दाराने निघून गेली. पाच मिनिटं बोला, एक प्रार्थना करा, सोडा.

लाईट पार्टी त्याहून सुटसुटीत आहे, सगळे पांढऱ्या किंवा चकचकीत कपड्यात, चमकणाऱ्या कांड्या, गाणी, खेळ, एकदा सगळे दिवे घालवून एक मेणबत्ती लावायची आणि योहान 8:12, "मी जगाचा प्रकाश आहे", म्हणायचं. कांड्या पोरं चावतात, लक्ष ठेवा.

किशोरवयीन गटाला खाऊ मागायला नाही, द्यायला किंवा गरजूंसाठी मागायला पाठवा. आठवडाभर आधी दारांवर चिठ्ठ्या लावायच्या की 31 ला संध्याकाळी आम्ही डबाबंद अन्न गोळा करायला येऊ, फूड बँकेत देणार आहोत. मग वेशभूषेत जाऊन गोळा करायचं, तारीख उलटलेले डबे आल्याआल्या बाजूला काढायचे. ज्यांच्याकडे नाताळच्या शूबॉक्स भेटी, म्हणजे बुटांच्या खोक्यात भेटवस्तू भरून गरजू मुलांना पाठवायची पद्धत आहे, समॅरिटन्स पर्स या ख्रिस्ती संस्थेचा ऑपरेशन ख्रिसमस चाइल्ड वगैरे, त्यांची खोकी जमा करायची वेळ नोव्हेंबरमध्येच येते, तेव्हा ही संध्याकाळ खोकी भरायला छान. उरलेलं चॉकलेट मात्र त्यात टाकू नका, खायच्या वस्तू घेत नाहीत.

कोणी घाबरलंच तर

कितीही करा, रस्त्यात कुणाच्या तरी अंगणात तो हलणारा सांगाडा असतोच आणि रात्री दोनला पोर आपल्या पांघरुणात. तेव्हा "काही नसतं ते, झोप" म्हणू नका, त्याला काहीतरी दिसलंय. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच अंगणासमोरून चालत जा, प्लास्टिक, बॅटरी, तार, सगळं दाखवा. रात्रीसाठी उशाशी टॉर्च द्या आणि स्तोत्र 56 मधली एवढीच ओळ शिकवा, भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. यात भीती वाटणारच नाही असं म्हटलेलं नाही, म्हणून मला ती आवडते.

1 आणि 2 नोव्हेंबर

खरा सण तर दुसऱ्या दिवशी आहे आणि आपण 31 ला दमून तो विसरतो. 1 तारखेला कॅथलिक घरं मिस्साला जातात, बाकीच्यांनी निदान जेवताना इब्री लोकांस पत्र 12:1 वाचून आपल्याभोवतीच्या साक्षीदारांच्या मेघात आपल्या ओळखीचं कोण कोण आहे ते सांगावं, आजी, जुने पाळक, ज्यांनी आपल्याला पहिली प्रार्थना शिकवली ते.

2 तारीख मृत भाविकांच्या स्मरणाची. पूर्वी इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब लोक आणि पोरं दारोदार जायची, घरातल्या गेलेल्यांसाठी प्रार्थना करू असं म्हणायची आणि बदल्यात छोटे केक मिळायचे. म्हणजे दारावर जाऊन खाऊ घेण्याच्या मुळाशी प्रार्थना पण होती. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची की फक्त त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायचे, हे तुमच्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे करा. आम्ही ते टेबलाशी उभे राहिलेले आजोबा आहेत ना, त्यांना 2 तारखेला जेवायला बोलवतो. बायकोचा फोटो घेऊन येतात आणि मुलीला दरवर्षी तीच गोष्ट सांगतात, लग्नात पाऊस कसा आला ती. ती दरवर्षी पहिल्यांदा ऐकतेय असं ऐकते.

भोपळा तोपर्यंत आतून काळा पडायला लागलेला असतो, सेलचा दिवा काढून घ्या आणि भोपळा सरळ खतात टाका, रंग लावलेला असेल तर साल सोलून. दिव्यांच्या माळा काढू नका, ॲडव्हेंटला परत लावायच्याच आहेत.